वरंध घाट बंद असताना पुण्याहून महाडला कसं जायचं

आमचं गाव महाड तालुक्यात, बिरवाडीजवळ. राहायला पुण्यात, धनकवडीत. त्यामुळे गावी जायचं म्हणजे कात्रज, कापूरहोळ, भोर आणि वरंध घाट, हा रस्ता अंगवळणी पडलेला. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दोन दिवस आधी याच सवयीने निघालो. मागच्या सीटवर आई, डिकीत मखर. भोर मागे पडलं, नीरा-देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसायला लागलं आणि पुढे रस्त्यावर आडवं बॅरिकेड. तिथला होमगार्ड म्हणाला, "घाट बंद आहे दादा, भोरलाच बोर्ड लावलाय." तो बोर्ड आम्ही पाहिलाच नव्हता.

परत भोर. दुपारचे साडेतीन वाजलेले. मोबाइलने दाखवलं मांढरदेवीवरून वाई, म्हणून तिकडे वळलो. वरती धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. वाईला उतरलो, मग पुन्हा पसरणीचा घाट, महाबळेश्वर, आणि अंधारात आंबेनळी घाट. आईला मधुमेह आहे, तिचं जेवण तीन तास लांबलं. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि आई एक शब्दही बोलत नव्हती. त्यानंतर मी या गोष्टीचा नीट अभ्यास केला. दरवर्षी पावसाळ्यात कुणीतरी नवीन माणूस फोन करून विचारतंच, "वरंध चालू आहे का रे?" त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतो.

1. "बंद" म्हणजे नक्की काय बंद, ते आधी पाहा

घाट बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. वरंध घाटाचा वरचा भाग पुणे जिल्ह्यात आणि खालचा रायगडमध्ये, म्हणून दोन्ही जिल्ह्यांचे आदेश पाहावे लागतात. आदेशाची भाषा सरकारी असते, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 115, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 वगैरे. ती सोडून द्या आणि चारच गोष्टी शोधा:

- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. मुदत वाढवली जाते, म्हणून तोच आदेश शेवटचा आहे का हे तपासा.
- कोणती वाहनं. "जड-अवजड वाहनांसाठी बंद" आणि "सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी बंद" यांतल्या फरकावर तुमचा अख्खा दिवस अवलंबून असतो. कुटुंबासाठी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनी बस केली असेल, तर ती कशात मोडते हे आधीच विचारा.
- अट. काही वर्षी आदेश असा होता की हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी सगळ्यांनाच बंद, एरवी हलक्या गाड्यांना परवानगी. म्हणजे सोमवारी शेजारी आरामात जाऊन येतो आणि बुधवारी तुम्हाला परत पाठवतात. दोघांनाही लागू झालेला आदेश एकच असतो.
- पर्यायी मार्ग. शेवटच्या परिच्छेदात दिलेला असतो. तो वाचायचा कंटाळा करू नका. प्रशासनाने वाहतूक तिकडे वळवलेली असते, त्यामुळे दरड हटवायला जेसीबी तिथे आधी पोचतो.

एक बारीक गोष्ट. कायद्याप्रमाणे एक महिन्यापर्यंतच्या बंदीसाठी राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नसते, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरतं. म्हणून बातमी स्थानिक वर्तमानपत्रात, तहसील कार्यालयाच्या फलकावर, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि पुण्यात बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. ती आपणच शोधायची. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर सूचनांच्या भागात किंवा जिल्हा माहिती कार्यालयाच्या पानांवर बहुतेक वेळा मूळ आदेशाची प्रत मिळते. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर विश्वास ठेवण्याआधी त्यावरचं वर्ष बघा. गेल्या वर्षीचा आदेश यंदा पुन्हा फिरताना मी स्वतः पाहिला आहे.

आणि तुमचं गाव घाटाच्या एखाद्या टोकाला असेल, म्हणजे वर भोरच्या बाजूला हिर्डोशी खोऱ्यात किंवा खाली महाडच्या बाजूला वरंध-बिरवाडीकडे, तर त्या त्या बाजूने गावापर्यंतचा रस्ता सहसा चालू असतो. बंद असतो तो मधला घाटाचा टप्पा.

2. फोन करा, आणि योग्य माणसाला करा

आदेश कागदावर असतो, दरड रस्त्यावर. रात्री दोन वाजता पडलेल्या दरडीचा आदेश सकाळी सातला निघालेला नसतो. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी एक आणि निघताना एक असे दोन फोन मी करतोच.

पहिला फोन एस.टी. आगाराच्या चौकशी खिडकीला. भोर आणि महाड, दोन्हीकडे. विचारायचं असं: "आजची पुणे-महाड गाडी कोणत्या मार्गे सोडली?" नुसतं "घाट चालू आहे का?" विचारलं तर उत्तर अंदाजाने मिळतं. गाडी कोणत्या मार्गे सोडली याचं उत्तर मात्र त्यांच्या समोरच्या वहीत असतं. एस.टी. ज्या घाटातून रोज जाते तो घाट त्या दिवशीचा सगळ्यात भरवशाचा, असं मी मानतो.

इथेच एक सापळा आहे. भोरच्या पुढे एखादी एस.टी. तुमच्या पुढे धावताना दिसली म्हणजे घाट चालू आहे असं समजू नका. ती घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या गावापर्यंत जाऊन परत फिरणारी गाडी असू शकते. तिच्या काचेवरची पाटी वाचा. मी त्या दिवशी अशाच एका गाडीच्या मागे निर्धास्त चाललो होतो.

दुसरा फोन ज्याचं पोट त्या रस्त्यावर आहे अशा माणसाला. दूधगाडीवाला, वडापवाला, फाट्यावरचा हॉटेलवाला, गावचे पोलीस पाटील. प्रत्येक घाटाच्या दोन्ही टोकांचा एकेक नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेवा. कधी चहाला थांबलात की मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

सरकारी नंबर: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, राष्ट्रीय महामार्गावरची मदत 1033, पोलीस आणि इतर तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108. दुसऱ्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाशी बोलायचं असेल तर त्यांचा थेट दूरध्वनी जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवा.

3. आधी घाट ठरवा, रस्ता मागाहून

नवीन माणसाची खरी चूक इथे होते. तो पुणे ते महाड "रस्ता" शोधत बसतो. पण देशावरून कोकणात उतरायचं म्हणजे सह्याद्री कुठेतरी ओलांडायचाच आहे, आणि गाडी उतरेल अशा जागा मोजक्या आहेत. कोणत्या घाटाने उतरायचं हे एकदा ठरलं की अलीकडचा-पलीकडचा रस्ता आपोआप ठरतो. महाडसाठी माझा क्रम असा आहे.

ताम्हिणी. पुणे, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड. अंतर अंदाजे 135 ते 140 किलोमीटर. वरंधमार्गे 130 च्या आसपास पडतं, म्हणजे फरक फारसा नाही. कोथरूड-बावधनच्या लोकांना तर हाच जवळचा. आम्हा कात्रज-धनकवडीकडच्यांना सवय नसते म्हणून लांब वाटतो, एवढंच. अडचणी दोन: पाऊस प्रचंड, आणि शनिवार-रविवारी धबधबे बघायला आलेल्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना. जमलं तर सुट्टीचा दिवस टाळा. अतिवृष्टीत हा घाटही बंद करतात, हे विसरू नका.

बोरघाट आणि पाली. द्रुतगती मार्गाने किंवा जुन्या हमरस्त्याने खोपोली, तिथून पाली, वाकण फाटा, कोलाड, माणगाव, महाड. अंतर 190 किलोमीटरच्या घरात, टोल वेगळा. लांब आहे, पण घाट रुंद आणि रात्रंदिवस राबता. वयस्कर माणसं, लहान मुलं बरोबर असतील आणि पावसाचा जोर असेल तर मी आता डोळे झाकून हाच धरतो. फक्त अंबा नदीवर लक्ष ठेवायचं. ती फुगली की पाली-जांभूळपाड्याच्या पट्ट्यात पाणी येतं. 1989 च्या जुलैमध्ये जांभूळपाड्यात याच नदीने हाहाकार केला होता, तिकडची जुनी माणसं अजून सांगतात.

आंबेनळी. सातारा रस्त्याने सुरूर फाटा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आणि आंबेनळी घाटातून पोलादपूर, महाड. साधारण 175 ते 180 किलोमीटर. भोरहून परत फिरलेला माणूस नकळत इकडेच ओढला जातो, कारण नकाशावर जवळ दिसतो. पण यात दोन घाट चढायचे-उतरायचे, धुकं हमखास, आणि आंबेनळी स्वतः दरडींचा घाट आहे. 2021 च्या जुलैमधल्या पावसात तो जागोजागी तुटला होता आणि बरेच दिवस बंद होता. वरंधवर दरड पाडणारा पाऊस आंबेनळीवरही तेवढाच पडत असतो. म्हणून भर पावसात हा पर्याय मी शेवटचा मानतो, आणि अंधारात मानतच नाही.

कुंभार्ली. उंब्रज, पाटण, कोयनानगर, चिपळूण. चिपळूण-खेडला जाणाऱ्यांसाठी उत्तम. महाडला जायला मात्र उलटा फेरा. चिपळूणहून पुन्हा उत्तरेला परशुराम आणि कशेडी पार करत यावं लागतं.

तुमचा रस्ता दुसरा असेल तरी रीत हीच. प्रत्येक घाटाला जोडीचा एक घाट असतो, तो आधी शोधून ठेवायचा. करूळ घाट 2024 च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद केला तेव्हा गगनबावड्याहून हलक्या गाड्यांना भुईबावडा घाट होता आणि मोठ्या गाड्यांना फोंडा. अणुस्कुऱ्याला आंबा घाट. आंबोलीला फोंडा. जोडीचा घाट जितका दूर, तितका तो वेगळ्या पावसाखाली असण्याची शक्यता जास्त. खेटून असलेल्या दोन घाटांवर एकाच दिवशी दरड पडू शकते.

आणि नावात "घाट" आहे म्हणून गाडी उतरते असं नाही. नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, खाली मात्र पायवाटेनेच उतरावं लागतं. सवाष्णी घाटाचंही तेच. ही सगळी जुन्या काळी बैल-माणसांनी वापरलेली वाट आहे.

4. निवडलेल्या घाटावर आणि त्याखालच्या नद्यांवर नजर टाका

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघा, आणि तो दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांचा. पुण्याच्या अंदाजात "घाटमाथा" वेगळा दिलेला असतो, तोच आपल्या कामाचा. पुणे शहरात ऊन पडलेलं असतं आणि ताम्हिणीत समोरचं दिसत नसतं. 24 तासांत 115.6 मिलिमीटरच्या वर म्हणजे अतिजोरदार पाऊस, 204.5 च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार. साधारणपणे पहिल्याला ऑरेंज, दुसऱ्याला रेड अलर्ट असतो. रेड असेल तर मी जात नाही. ऑरेंज असेल तर बोरघाट. यलो असेल तर ताम्हिणी, तीही सकाळी.

एक मात्र ध्यानात ठेवा. दरड नेहमी भर पावसातच पडते असं नाही. तीन-चार दिवस झोडपून पाऊस थांबला, ऊन पडलं की आपल्याला वाटतं आता जायला हरकत नाही. पण डोंगर आतून भिजलेला असतो. सलग पावसानंतरचा पहिला दिवस मी सोडून देतो.

घाट उतरला की संपलं नाही, खाली नद्या आहेत. माणगाव-महाडच्या पट्ट्यात काळ, गांधारी, सावित्री. महाडचं पाणी समजून घ्यायला हवं: सावित्री बाणकोटच्या खाडीला मिळते. वर पाऊस आणि खाली भरती एकाच वेळी आली की पाण्याला उतरायला वाट मिळत नाही आणि शहरात पाणी शिरतं. म्हणून महाडचे लोक भरतीची वेळ विचारतात, तुम्हीही विचारा.

पुलाच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं अंधारात पाण्यात गेली. आमच्या भागात त्या रात्रीनंतर पुलावर पाणी असताना गाडी घालणारा माणूस उरलेला नाही. फरशी पूल, साकव, मोरी, काहीही असो, वरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर अलीकडेच थांबायचं. पुढची जीप गेली म्हणून आपली जाईल हा हिशोब इथे चालत नाही. फरशी मधेच खचलेली असली तर ते वरून कळत नाही.

5. मोबाइलमध्ये रस्ता बसवून घ्या

नकाशाच्या ॲपला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वेळेवर कळेलच असं नाही. उलट बंद घाटात गाड्या नसतात, म्हणून तो रस्ता मोकळा, निळाशार आणि झटपट दिसू शकतो. म्हणून नुसतं "महाड" टाकून निघू नका. ठरवलेल्या मार्गावरची गावं मधले थांबे म्हणून टाका: पौड, निजामपूर, माणगाव. मग ॲप मधेच भलतीकडे वळवत नाही.

त्या पट्ट्याचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, ताम्हिणीत रेंज जाते. मार्ग उपग्रहाच्या चित्रावर एकदा डोळ्यांखालून घाला. "12 मिनिटं वाचतील" म्हणून दाखवलेला आडरस्ता बऱ्याचदा धरणाच्या कडेचा कच्चा रस्ता असतो. पावसाळ्यात अशी 12 मिनिटं वाचवायची नाहीत. आणि एका साध्या कागदावर गावांची नावं ओळीने लिहून डॅशबोर्डवर ठेवा. फोन बंद पडला तरी वाटेत "निजामपूरला कसं जायचं?" असं विचारता येतं, आणि गावची माणसं फाट्यापर्यंत सोडायलाही येतात.

6. गाडीत काय हवं

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकरमधली चालतात, पण घाटात रेंज नसताना उघडत नाहीत, म्हणून मूळ कागद किंवा फोनमध्ये आधीच उघडून साठवलेली प्रत ठेवा. बंदीच्या आदेशाची प्रतही ठेवा, पर्यायी मार्गाच्या नाक्यावर बोलायला बरी पडते.

सामान: स्टेपनीत हवा, जॅक, टोचन करायला जाड दोर, टॉर्च, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, काच पुसायला सुती फडकं, फोनची पॉवर बँक, पिण्याचं पाणी. वायपरचे रबर निघण्याआधी बघा. टाकी पिरंगुट-पौडलाच भरा. सीएनजीच्या भरवशावर निघू नका, पेट्रोल भरलेलं हवं.

आणि औषधं, जेवणाचा डबा. लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ पुरेल एवढं, आणि ते डिकीत नाही, हाताशी. आईच्या त्या दिवसानंतर आमच्या गाडीत भाकरी, चटणी आणि तिच्या गोळ्या पुढच्या सीटखाली असतात.

7. निघणं आणि घाटात असताना

पहाटे निघा. घाटाच्या तोंडाशी सकाळी आठ-नऊला असलं पाहिजे, आणि दुपारी चारनंतर कोणत्याही अनोळखी घाटात शिरायचं नाही. उशीर झाला तर अलीकडच्या गावात मुक्काम करा.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नको. धुक्यात लो बीम. साइडपट्टीवर चाक घालू नका, पावसात ती आतून पोखरलेली असते. डोंगराच्या कडेला लहान दगड, ताजी लाल माती, वाकलेली झाडं किंवा एकदम गढूळ झालेला ओहोळ दिसला तर तिथे थांबून फोटो काढत बसू नका. मागे मोकळी जागा असेल तर मागे सरका. धबधब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पाण्याबरोबर दगडही येतात. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. ती माणसं तर स्वतःच्या घरात होती.

8. बॅरिकेडपाशी पोचलातच तर

तिथल्या पोलिसाशी, होमगार्डशी वाद घालू नका. "फक्त कारच आहे, हळूच जातो" हे त्यांनी सकाळपासून पन्नास जणांकडून ऐकलेलं असतं. दोन प्रश्न विचारा: कधीपासून बंद आहे, आणि गाड्या कुठून वळवल्या आहेत. बॅरिकेड बाजूला सारून गेलेल्यांच्या मागे जाऊ नका. पुढे दरड असेल तर अरुंद घाटात गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

भोरला परत या, चहा घ्या, मग ठरवा. दुपारचे बारा वाजायच्या आत असाल तर कापूरहोळला महामार्गाला लागून पुण्याच्या बाहेरून ताम्हिणी किंवा बोरघाट. चार वाजून गेले असतील तर घरी परत, उद्या सकाळी. मांढरदेवीवरून वाईला जायचा मोह पावसात टाळा, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. गावी आणि घरी दोन्हीकडे फोन करून कोणत्या मार्गे येतोय ते कळवा, आणि रेंज जाण्याआधी कळवा.

9. परतीचा रस्ता पुन्हा पहिल्यापासून तपासा

येताना ताम्हिणी चालू होती म्हणून जाताना असेल असं नाही. चार दिवसांत दोन्ही जिल्ह्यांचे नवे आदेश निघालेले असतात. विसर्जनानंतर सगळेच एकदम निघतात, माणगावला रांगा लागतात, आणि त्या रांगेत कंटाळून लोक वरंधकडे वळतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी महाड आगाराला तोच प्रश्न विचारा, पुण्याची गाडी कोणत्या मार्गे सोडली. आणि जो मार्ग सापडेल तो गावातल्या ज्या ज्या घरची माणसं पुण्याला निघणार आहेत, त्या घरी जाऊन सांगा.